रिमोटचे दोन सेल

“मग साउंडबारच्या या रिमोटचे सेल काढून घड्याळाला घालू का?” बाबांनी विचारलं.

आज बाबांकडे परळला गेले होते. साउंडबारची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या लांबट स्पीकरची, एचडीएमआय केबल टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टात लावली (तिथून टीव्हीचा आवाज साउंडबारला जातो), सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने जोडलेली उपकरणं चालवायची सोय, चालू केलं. बस्स. टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होऊ लागला. एआरसी २००९ पासून आहे हो! पण सीईसीला प्रत्येक कंपनी आपलं वेगळंच नाव देते, मग मेन्यूत सापडणार कसं?

तीन रिमोटचा घोळ नको म्हणून बाबा दोन वर्षं टीव्हीच्याच बारीक आवाजात बातम्या ऐकत होते. पुढे सरकून, कानामागे हात धरून.

“सांगायचं ना!”

“तू लोकलमध्ये लटकलेली असतेस. तेवढ्यासाठी कुठे फोन करायचा?”

अजून काय काय सांगितलं नसेल?