चोवीसच्या रात्रीची आच

भुसावळात आमची लाकडाची भट्टी आहे, वडिलांच्या वेळची. नाताळच्या आठवड्यात आमच्या मालाइतकाच लोकांचा मालही तिच्यात भाजला जातो. रेल्वे क्वार्टर्सकडून केकचं मिश्रण कालवून, डब्यांत भरून येतं. आम्ही चिठ्ठी चिकटवतो, भाजून देतो, किलोमागे चाळीस रुपये घेतो. दिवाळीत नानकटाईचं जसं चालतं, तसंच. फक्त दारावर पाटी आहे : बाहेरचा माल २३ तारखेपर्यंतच. चोवीसला फक्त ऑर्डरी.

ही पाटी मीच लावली आणि त्याला कारण आहे. विटांच्या भट्टीला बटण नसतं. आत बाभळीची लाकडं जाळायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्यानं तळ पुसायचा, दार लावून आच मुरू द्यायची. मग चिमूटभर मैदा तळावर टाकून बघायचा. लगेच काळा पडला तर थांबायचं, हळूहळू बदामी झाला तर पाव लावायचे. पावाला २२० अंशांच्या वर आच लागते, केकला १७० च्या आसपास. म्हणून पाव आधी, मग खारी, आच उतरली की केक आणि रात्री जी ऊब उरते तिच्यात सकाळपर्यंत टोस्ट सुकतात. आमचे कारागीर चाचा आझमगढचे. ते दारातून हात आत धरतात आणि सांगतात, ‘अभी नहीं’. मी एकदा थर्मामीटर लावून पाहिला होता. पुन्हा लावायची गरज वाटली नाही.

गेल्या वर्षी चोवीसला भट्टी दोनदा पेटवली. एकाच गिऱ्हाइकाचे साठ केक होते. त्याचे दुपारपासून सहा फोन आले, ‘झाले का, झाले का’. (ते केक त्यानं सव्वीसला नेले. मोठ्या ऑर्डरीवाले बहुतेक असेच, घाई आपल्याला लावतात आणि सवड स्वतःला ठेवतात.) पहाटे चारपासून आम्ही उभे होतो. रात्री साडेनऊला काउंटरवर दाटी असताना एक आजी रिक्षातून उतरल्या. हातात पातेलं, त्यावर ओलं फडकं. घरच्या ओव्हनची कॉइल दुपारी जळाली होती. केक कालवून झाला होता. दोन बेकऱ्यांनी परत पाठवलं होतं.

मी म्हटलं, ‘‘आजी, पाटी वाचली नाही का?’’ जरा मोठ्यानंच म्हटलं, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं.

त्या वाद घालत बसल्या नाहीत. ‘‘पोरगा इटारसीकडून येतोय, धुक्यानं गाडी लेट आहे. नाही भाजला तरी चालेल, भाऊ,’’ म्हणाल्या आणि पातेलं उचलायला लागल्या. पातेलं जड होतं. दोन किलोचं मिश्रण असेल.

चाचा आतून बाहेर आले. मला काही विचारलं नाही. फडकं उचललं, बोटानं मिश्रण उचलून पाहिलं. बेकिंग पावडर ओली झाली की तिचं निम्मं काम तिथेच सुरू होतं. मिश्रणात हवेचे बुडबुडे होतात आणि निघूनही जातात. दुपारचं मिश्रण रात्री मेलेलंच असतं. मी तेच सांगितलं. साठ केक निघायला आले तेव्हा चाचांनी दोन अंडी फोडली, पांढरं वेगळं करून फेस येईपर्यंत फेटलं, थोडी नवी पावडर मैद्यात चाळून घेतली आणि सगळं हातानंच पातेल्यात मिसळलं. चमचा घेतला नाही. चमच्यानं जोरात ढवळलं की फेस मरतो.

‘‘टोस्ट लागणार आहेत आता,’’ मी म्हटलं. बारा ट्रे तयार होते, सकाळच्या हॉटेलांचे.

‘‘टोस्ट कल सुखा लेंगे. माई का केक कल नहीं होगा.’’

साठ केक निघाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. उरलेल्या आचेवर आजींचे दोन डबे लागले. एरवी पाऊण तासाचं काम, तिथे दीड तास गेला. आजी मध्यरात्रीच्या उपासनेला जाऊन परत आल्या, सोबत मुलगा होता. केक चार बोटं फुगायला हवा होता, तो अडीच बोटंच फुगला. मध्ये ओलसर राहिला, पण कापल्यावर मनुका सगळीकडे सारख्या दिसल्या, तळाला बसल्या नव्हत्या. जेवढा फुगला, ते काम त्या फेसाचं आणि नव्या पावडरीचं. आजींनी उभ्या उभ्या कडेचा तुकडा तोडून आधी चाचांना दिला, मग मला.

नंतर त्यांनी बटव्यातून ऐंशी रुपये मोजून काउंटरवर ठेवले. दिवसभर येणारी प्रत्येक नोट जशी गल्ल्यात टाकत होतो, तसेच तेही टाकले. अंड्यांचे पैसे धरायचे का, असंही क्षणभर मनात आलं. वर बघेपर्यंत रिक्षा वळली होती.

पंचवीसला दोन हॉटेलांना टोस्ट अर्धेच गेले. एकानं बोलून दाखवलं. त्याचं मला काही वाटलं नाही, एका दिवसाचा टोस्ट भरून निघतो. त्या ऐंशी रुपयांचं मात्र अजून काही जमत नाही. आजींचं घर मला माहीत नाही, पातेल्यावर नाव नव्हतं. यंदा तेवीसपर्यंत येणाऱ्या प्रत्येक पातेल्याकडे मी बघतोय.

जानेवारीत एकदा चाचांना विचारलं, ‘‘मी पैसे घेतले तेव्हा तुम्ही मला थांबवलं का नाही?’’

ते निखारे ओढत होते. मागे न वळता म्हणाले, ‘‘भट्टी मेरे हाथ में थी, भैया. गल्ला आपका है.’’