खुकरीच्या टेकडीवर, लेफ्टनंट जैनांसाठी

दीवला आलेले बहुतेक लोक किल्ला आणि नागवा बीच करून परततात. मी आधी चक्रतीर्थजवळच्या टेकडीवर गेले. तिथे काचेच्या पेटीत भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे आणि समोर अरबी समुद्र. इथून सुमारे ४० सागरी मैलांवर, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन जहाजासोबत गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्याला ठाऊक असतात. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पण माझ्या मनात आणखी एक नाव होतं. लेफ्टनंट व्ही. के. जैन.

जैन तरुण इलेक्ट्रिकल अधिकारी. खुकरीवरच्या सोनारचा पल्ला तोकडा होता. सोनार पाण्यात ध्वनी सोडतं आणि आदळून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकतं. फ्रेंच बनावटीच्या हंगोरचे कान कितीतरी तिखट होते, ती खुकरीला आधीच ऐकू शकत होती. हा पल्ला वाढवायचं उपकरण जैनांनी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार केलं आणि ऐन युद्धात ते घेऊन स्वतः खुकरीवर चढले.

जहाज वेगात असलं की त्याच्या स्वतःच्याच पंख्यांचा गोंगाट सोनारला बहिरं करतो. म्हणून जैनांच्या उपकरणाच्या चाचणीसाठी खुकरी संथ चालली होती. पाणबुडीच्या माऱ्यात असं संथ चालणं फार धोक्याचं. वेग जास्त असता तर जहाज वाचलं असतं, ही चर्चा आजही होते. तिचा रोख कधीकधी त्या उपकरणाकडे वळतो, आणि तेव्हा मला राग येतो. आपल्या जहाजांना शत्रू उशिरा ऐकू येतो, हे दुखणं जैनांनी निर्माण केलेलं नव्हतं. ते त्यावर इलाज शोधत होते, तेही प्रयोगशाळेत बसून नाही, तर पाणबुडी टपून बसलेल्या पाण्यात.

पुढे माझगाव डॉकमध्ये दुसरी खुकरी बांधली गेली. १९८९ ते २०२१ तिने सेवा केली आणि निवृत्तीनंतर ती दीवलाच देण्यात आली. तीही जरूर पाहा. टेकडीवर कुणीही तुम्हाला मुल्लांची गोष्ट सांगेल, जैनांबद्दल मात्र तुम्ही होऊन विचारा.