बावीसची गाडी तेराला का आली?

पहिल्या सर्व्हिसला गाडी आली की दर तिसऱ्या जॉब कार्डावर, म्हणजे तक्रारी लिहायच्या कागदावर, एकच तक्रार असते: ॲव्हरेज मिळत नाही. पण त्या दिवशी धनकवडीचे काका वही घेऊनच आले. टाकी फुल केल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, सगळं वळणदार अक्षरात. 33 लिटरमध्ये 437 किलोमीटर, म्हणजे लिटरला सव्वातेरा. "विकताना बावीस सांगितलं होतंत. माझ्या पेन्शनमधून भरतोय मी," एवढंच म्हणाले. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं.

स्कॅनर लावला. एकही एरर नाही. टायरमधली हवा सहा पॉइंट कमी होती, ती भरली. पण तेवढ्यानं नऊ किलोमीटरचा फरक पडत नाही. मग मी म्हटलं, "काका, रोज जाता तसंच चालवा, मी शेजारी बसतो."

सकाळची थंड गाडी, नातीची शाळा, अंतर अडीच किलोमीटर. इंजिन तापायच्या आतच शाळा आली. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि काकांचा प्रत्येक फेरा थंड इंजिनावरच संपतो. शाळा सुटायच्या वेळी पुन्हा निघालो. शाळेसमोर गाडी लावून ते थांबले, इंजिन आणि एसी चालूच. "सुटायच्या आधी वीस मिनिटं येतो. ती घामाघूम होऊन येते, गाडी गार पाहिजे." मी स्कॅनरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गाडी जागची हलत नव्हती आणि आकडा होता ताशी 1.1 लिटर. एसी बंद केला, 0.7 वर आला. वीस मिनिटांचा हिशेब त्यांनीच वहीत मांडला: एक लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. शाळेच्या येण्याजाण्याला लागतं, जवळपास तेवढंच.

दुपारी पेट्रोल ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरून कात्रजच्या बोगद्यातून शिरवळपर्यंत गेलो आणि परत आलो. सत्तर-ऐंशीचा वेग, खिडक्या बंद, एसी चालू. त्याच पंपावर, त्याच नोझलनं पुन्हा भरलं. 80 किलोमीटरला 4.2 लिटर, म्हणजे एकोणीस. एवढ्या कमी पेट्रोलवर मोजमाप काटेकोर होत नाही, तरी गाडी तीच, माणूस तोच.

मग बावीस कुठून आले, तेही सांगितलं. तो आकडा खोटा नाही. ॲव्हरेजच्या चाचणीत गाडी बंद खोलीत रोलरवर चालते, एसी बंद असतो, 1180 सेकंदांचा ठरलेला क्रम असतो, वेग 90 च्या वर जात नाही. शून्यावरून 50 ला पोचायला सुमारे 25 सेकंद घेतात. स्वारगेटच्या सिग्नलला कुणी तसं निघालं तर मागचे हॉर्न वाजवून बेजार करतील. पेट्रोल मोजतात तेही धुरातल्या कार्बनवरून. सगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलण्यासाठी हे उत्तम आहे. पण त्या खोलीत शाळेचं फाटक नसतं.

काका म्हणाले, "हे गाडी घेताना सांगायला काय झालं होतं?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक आमचीच होती. जॉब कार्डावर आम्ही नेहमी "दोष आढळला नाही" लिहून गाडी सोडतो. त्या दिवशी त्याखाली हातानं चार ओळी लिहिल्या: शाळेचा फेरा, उभ्या गाडीचा आकडा, शिरवळचा आकडा, हवेचा आकडा. काकांनी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि विचारलं, "पाच मिनिटं आधी एसी लावला, तर गार होईल ना?" होते, मी म्हटलं.