वाघ नसलेल्या जंगलात बाबा

नागपूरला परतून आठवडा झाला, तरी अंबाझरीला सकाळी फिरायला येणारी मंडळी बाबांना एकच विचारून राहिली आहेत, "साहेब, तिकडच्या जंगलात वाघ आहे का?" नाही म्हटलं की त्यांचा अर्धा रस तिथेच संपतो. जायच्या आधी खुद्द बाबांचंही तसंच होतं. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला करण्यात जन्म गेलेला माणूस. ताई टोरोंटोला राहते. तिने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पानांचे रंग पालटतात तेव्हा, अल्गॉन्क्विन पार्क या तिकडच्या जंगलाचा बेत सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "पानं पाहायला तीन तास जायचं? काऊन?"

पहाटे पाचला निघालो. नागपुरात ऑक्टोबर हिटने कूलर पुन्हा सुरू झाले होते, आणि इथे भाऊजी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. बाबांनी माकडटोपी चढवली ती रात्री घरी येईपर्यंत काढली नाही. दिवसाचा परवाना ताईने आधीच ऑनलाइन घेतला होता. रंगांच्या दिवसांत ऐनवेळी तो मिळेलच असं नसतं. ताडोबाच्या बुकिंगसाठी रात्री जागलेल्यांना हे नवीन नाही. नवीन होतं ते पुढचं: जिप्सी नाही, गाईड नाही. हायवे ६० पार्काच्या दक्षिण भागातून ५६ किलोमीटर जातो आणि त्यावरून आपली गाडी आपणच चालवायची.

ताडोबा १९५५चं, आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. हे १८९३चं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या अख्ख्या नागपूर जिल्ह्याचा पाऊण हिस्सा. हे ऐकल्यावर बाबांनी टोपीखालून पहिल्यांदा मान हलवली.

रंगांबद्दल काय लिहू? फाल्गुनात रामटेककडे जाताना मधूनच एखादा पळस दिसतो ना, तसं. फक्त इथे मधूनच नाही, टेकडीच्या टेकडी. आणि फुलं नाहीत, पानं. लुकआउट ट्रेलचा चढ छोटा पण दम काढणारा. वर उघडा कातळ आहे, त्यावर आम्ही टेकलो. खाली मेपलचा लाल-केशरी पसारा, त्यात पाइनचे काळपट हिरवे ठिपके आणि दूर कुठेतरी तळ्याचा तुकडा. बाजूला पन्नासेक माणसं होती, तरी कोणी फारसं बोलत नव्हतं.

उतरताना बाबांनी वाटेवरचं एक पान उचललं आणि उन्हासमोर धरलं. शिरांच्या कडेने अजून हिरवं, मध्ये पिवळं, टोकांना रक्तासारखं लाल, आणि एका पाकळीला किड्याने पाडलेलं वाटोळं भोक. "आपला सागवान पान टाकतो तो पाणी वाचवायला," ते म्हणाले, "उन्हाळा तोंडावर आला म्हणून. इथे पाण्याची काय कमी आहे बाप्पा?" कमी आहेच, कारण हिवाळ्यात जमीन गोठते आणि मुळांना पाणी उचलता येत नाही. झाड आधीच पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते परत आत ओढून घेतं. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली दबलेला. तो आता उघडा पडतो. लाल मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी पडली, की पानात अडकलेल्या साखरेतून तो चढतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान जिथून उचललं होतं तिथेच ठेवलं. जंगलातून काही न्यायचं नाही, हा नियम त्यांना कोणी सांगावा लागत नाही.

दुपारी दलदलीवरच्या लाकडी पायवाटेवरून चालून आलो आणि डबा उघडला. ताईने तिखट पुऱ्या आणि ठेचा दिला होता. एक राखाडी, गुबगुबीत पक्षी फांदीवरून पाहत होता. बाबा पुरी हातात धरून भाऊजींना पेंचची गोष्ट सांगत होते, तेवढ्यात तो आला आणि पुरीचा तुकडा घेऊन गेलासुद्धा. हा कॅनडा जे. थंडीसाठी तो अन्न थुंकीने चिकटवून झाडाच्या सालीमागे लपवतो, आणि त्या साठ्याच्या भरवशावर हिवाळा सरायच्या आत, बर्फातच अंडी घालतो. प्राण्यांना खायला घालू नका अशी पाटी आमच्या पाठीमागेच होती. "मी कुठे घातलं? त्याने नेलं!" हा बाबांचा बचाव.

मूस, म्हणजे तिकडचं भलंमोठं हरीण, काही दिसेना. बाबा सवयीने काच खाली करून कॉल ऐकत होते. पेंचला चितळ ओरडलं, वानर खोकलं, की वाघ कुठल्या बाजूला आहे ते कळतं. इथे सगळं गपगार. एकदा ते ओरडले, "थांबव! सांबर!" थांबलो. जळकं खोड निघालं. असे लाकडी वाघ आम्ही ताडोबात पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे कोणी हसलं नाही. ताई सोडून.

मग पाचच्या सुमारास समोरच्या गाड्यांचे लाल ब्रेकलाइट एकामागे एक लागले. इथला कॉल तो हाच.

रस्त्यापासून तीस-चाळीस पावलांवर, दलदलीच्या काठच्या झुडपात मादी होती आणि मागे पिल्लू. आधी नुसते पायच दिसले, कारण मूस म्हणजे पायच जास्त. खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, घोड्यापेक्षा लांब तोंड, लोंबता जाड ओठ. तिने एक फांदी तोंडात आडवी धरली, मान मागे घेतली आणि सगळा पाला ओरबाडून काढला. आमच्याकडे कडीपत्ता काढतात तसा. चावताना दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. पिल्लाने आमच्याकडे पाहिलं, तिने नाही. "उंट म्हणावं तर म्हैस दिसून राहिली," बाबा कुजबुजले. हरणांच्या कुळातलं हे सगळ्यात मोठं जनावर, म्हणजे सांबराची थोरली बहीणच. हे दिवस त्यांच्या माजाचे. जवळपास नर असेल म्हणून आम्ही गाडीतून उतरलोच नाही. एक जण मात्र मोबाईल घेऊन थेट चिखलात शिरला. असे लोक सगळ्या देशांत असतात.

बीव्हरचं, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या घुशीसारख्या प्राण्याचं, फक्त घर दिसलं, तळ्यातला काटक्यांचा ढीग. मालक आत असावेत. परतीच्या वाटेवर कॉफी घेताना बाबा २५ सेंटचं नाणं निरखत म्हणाले, "हाच ना तो मूस?" नाही, तो कॅरिबू, दुसरं हरीण. बीव्हर ५ सेंटवर, लून नावाचा पाणपक्षी डॉलरवर. मूस कुठल्याच नेहमीच्या नाण्यावर नाही, याचं बाबांना वाईट वाटलं.

अंधार पडला तशी मूसचं चित्र असलेली पिवळी पाटी हेडलाइटमध्ये उजळली. त्याचे पाय इतके उंच, की गाडीची धडक बसली तर सगळं धड काचेवर येतं. शिवाय अंगाचा रंग काळपट, लवकर दिसतही नाही. बाबा पुढच्या सीटवर सरसावून बसले. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गाखाली जनावरांसाठी कसे बोगदे ठेवलेत, त्यांतून वाघ जातानाचे कॅमेरा ट्रॅपचे फोटो कसे आलेत, हे त्यांनी भाऊजींना तपशीलवार सांगितलं. मग बराच वेळ गप्प. आणि पुढची पाटी आल्यावर, "हळू घ्या जावईबापू. पिल्लू लहान आहे तिचं."