तुम्ही विचारलंत म्हणून: रायफलीचा मोडका लाकडी दस्ता सांधत बसण्यापेक्षा नवाच का बसवत नाही?

"आबा, एवढी खटपट कशाला? नवं लाकूड घ्या, कोरा, बसवा." जळगावच्या ज्या परवानाधारक बंदूक दुकानात मी आठवड्यातून दोन दिवस बसतो, तिथे येणारा दर तिसरा माणूस हे सुचवून जातो. मी हसून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो.

आधी एक गैरसमज काढतो. मी वरणगावचा, म्हणून लोकांना वाटतं फॅक्टरीतून रिटायर झालो. तिथल्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात, रायफली नाहीत. मी फौजेत, ईएमईमध्ये म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर (बंदुका दुरुस्त करणारा) होतो. हात बसला तो इशापूर कारखान्याच्या .३०३ रायफलीवर. तो बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, प्रतिबंधित, सामान्य माणसाला ठेवता येत नाही. दुकानात येते ती तिची बहीण, .३१५ स्पोर्टिंग. घडण तीच, जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीची. चोपडा-यावलकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, आजोबांच्या वेळची रायफल अजून एखाद्या घरात निघते. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, नुसतं लाकूड असलं तरी. म्हणून हे काम मी घरच्या ओट्यावर करत नाही, आणि तुम्हीही गावातल्या सुताराकडे नेऊ नका.

आता मूळ प्रश्न. आर्मरर म्हणून माझं दुसरंच वर्ष. एका .३०३ चा बट, म्हणजे दस्त्याचा खांद्याला लागणारा मागचा भाग, हलत होता. बटमध्ये लांब बोल्ट असतो. मागच्या पितळी पत्र्याची झडप उघडली, की तेलाची बाटली आणि पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) ठेवायच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर आत जातो. मी घातला आणि फिरवला. कट्ट! त्या रायफलीत बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, आणि ते फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या, शेपटीतल्या पट्टीत अडकलेलं असतं. आधी फोरएंड उतरवायचा, मगच बोल्टला हात लावायचा. मी उलटं केलं, शेपटी दुभंगली. उस्तादांनी शिवी दिली नाही. स्टोअरमध्ये नवा फोरएंड पडून होता, तोही दिला नाही. म्हणाले, "तूने फाडा है, अब तू ही सी."

शिवता शिवता कळलं की दस्ता ही नुसती मूठ नाही. बार उडाला की मागे येणारा धक्का फोरएंडच्या मागच्या दोन बोटभर जागांवर बसतो. तिथे लाकूड लोखंडाला दोन्ही बाजूंनी सारखं टेकलं पाहिजे. कागदाएवढी फट राहिली, तर दर बाराला लाकडावर हातोडाच बसतो म्हणा. नवा दस्ता बसवायचा म्हणजे लोखंडाला काजळ लावायचं, लाकडात दाबायचं, काळा डाग उठेल तेवढंच पटाशीने चाटायचं, पुन्हा दाबायचं. असं पन्नास वेळा, शंभर वेळा. शिवाय लाकूड कुठलं? अक्रोड धक्का सोसतो, पण तो आपल्याकडे पिकत नाही. साग दारं-खिडक्यांना उत्तम, इथे पातळ जागी चिरतो. त्यात आपली हवा. मेमध्ये आकसलेलं नवं लाकूड श्रावणात फुगतं, आणि काजळाने केलेली सगळी मेहनत पाण्यात. जुनं लाकूड बरंचसं आकसून-फुगून मोकळं झालेलं असतं.

बहुतेक दस्ते मोडतात ते मालकाच्या प्रेमाने. तेल पाजून रायफल कोपऱ्यात उभी ठेवतात. तेल यंत्रातून उतरून लाकडात मुरतं, लाकूड काळं, मऊ पडतं, मग धक्क्याने चिरतं. अशा लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून आधी तेल काढायचं. इथे आपलं ऊन कामाला येतं. लोखंड सगळं उतरवून लाकडाला खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून थापायची आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर ठेवायचं. तासाभरात पांढरा लेप चहासारखा होतो. खरवडून पुन्हा थापायचा. चार-पाच दिवस हेच. थंड हवेच्या गावातला कारागीर हे कसं करत असेल कोण जाणे.

मग चीर दाबायची नाही, थोडी उघडायची. आतली घाण काढून एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा पक्का गोंद) पार तळापर्यंत पोचवायची, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळायच्या, चोवीस तास हात लावायचा नाही. वर आडवी पितळी पिन. मऊ पडलेली जागा कोरून तिथे जुन्याच अक्रोडाचा तुकडा, शिरा जुळवून. पोचे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवली की वाफेने वर येतात, कापलेले ओरखडे मात्र येत नाहीत. पॉलिश पेपर बघितला की माझं डोकं फिरतं. लाकडावरचे कारखान्याचे शिक्के, तपासणीच्या खुणा एका दुपारीत घासून जातात, आणि माणूस वर "चकचकीत केलं" म्हणून पैसे मागतो.

प्रत्येक दस्ता वाचतो असं नाही. मनगटाजवळ, म्हणजे दस्ता हाताने धरायच्या बारीक जागी, आरपार तुटलेला, त्यात तेलाने कुजलेला असेल तर मी हात जोडतो. खांद्याला लावायची वस्तू आहे.

शेवटी कच्चं जवसाचं तेल, चार थेंब, तळहाताने लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतो. दुकानामागच्या तारेवर मी त्या एकेक करून पसरतो. मालक म्हणतो, आबा, धुणं वाळत घातलं का?