तुम्ही विचारलंत म्हणून: दादाला शॉक दिला का?

देवगडच्या बाजारात, एसटीत, हळदीकुंकवाला, कुठेही गाठ पडली की आवाज खाली घेऊन विचारणं होतं, "दादाला डोक्याला शॉक दिला म्हणे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

नाही, शॉक नाही. दादाला नैराश्य होतं. दोन वेगवेगळी औषधं झाली, तरी ऐन हंगामात आंबा काढायला गडी येऊन उभे राहिले आणि हा खाटेवरून उठेना. तेव्हा डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलं. डोक्यावर कॉइल धरतात, तिच्या चुंबकीय लहरी मेंदूच्या ठरावीक भागाला चेतवतात. भूल नाही, माणूस टक्क जागा.

पहिला दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. दादाचा उजवा हात उशीवर, कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, डॉक्टरांची नजर अंगठ्यावर. टक्. काही नाही. थोडी ताकद वाढवली. टक्. अंगठा आपोआप उडाला! दादाने चमकून माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं. अंगठा किती ताकदीला हलतो, त्यावरून ज्याची त्याची मात्रा ठरते.

कॉइल धरायच्या जागेचंही तसंच. पूर्वी अंगठा हलवणाऱ्या जागेपासून सरसकट पाच सेंटीमीटर पुढे मोजायचे. पण डोकी सारखी कुठे असतात? दादाचं डोकं टेपने मोजून खूण केली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पद्धतीत तर एमआरआयवरून प्रत्येकाच्या मेंदूतल्या जोडण्या बघून जागा ठरवतात आणि रोज दहा वेळा असे पाच दिवस उपचार करतात. अमेरिकेत तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. आम्हाला मात्र आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे डोंबिवलीला मावशीकडे राहावं लागलं. ज्याची मावशी डोंबिवलीला नाही, त्याने काय करायचं? पाच दिवसांचा उपचार इथे जिल्ह्यात मिळाला, तर कितीतरी घरं सावरतील.

आणि शॉक दिला असता, तरी लपवण्यासारखं काय होतं? तोही आता भूल देऊनच देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय द्यायला बंदी आहे.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. दादाच्या गोळ्या अजून चालू आहेत. पण चौथ्या आठवड्यात, नोव्हेंबरात, त्याने आपणहून वहिनीला फोन लावला आणि विचारलं, "कलमांना पालवी आली की मोहर?"