चतुर्थीआधीची तीस दिवसांची पाकिटं

चाकरमानी गणपतीला गावी येतो तेव्हा त्याच्या पिशवीत मखराचं सामान असतं, मिठाईचा पुडा असतो आणि तळाशी आईवडिलांची औषधं असतात. मुंबईत पालिकेच्या दवाखान्यातून किंवा घराजवळच्या मेडिकलमधून घेतलेली, तीन-चार महिने पुरतील एवढी. शिमग्याला एक पिशवी, मे महिन्यात एक, गणपतीत एक. दापोलीत आमचं मेडिकल सासऱ्यांच्या काळापासून आहे आणि मी स्वतः फार्मासिस्ट म्हणून तिथे सोळा वर्षं उभी होते. तरी तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं बीपी आणि शुगर या पिशव्यांवर चालतं, हे २०२० पर्यंत माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं. ही माणसं आमच्याकडे यायची ती खोकल्याला, तापाला, कंबरेच्या बामसाठी. रोजच्या गोळ्या आमच्याकडून घेतच नव्हती, म्हणून ती आमच्या वहीतही नव्हती.

त्या वर्षी शिमग्याची पिशवी आली आणि मार्चअखेर कोरोनाची टाळेबंदी लागली. मे महिन्यात जे आले ते मिळेल त्या गाडीने, कित्येक जण तर चालत आले. औषधं आणायचं भान कोणाला असणार? त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ थेट आमच्यावर आलं. माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. गावागावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दुकानातलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर संपला. बाहेरून आलेला बर्फ थर्माकोलच्या पेटीत भरायचा, त्यावर वर्तमानपत्राच्या घड्या आणि मग बाटल्या, असं आम्ही ते सांभाळलं. बर्फाला बाटली चिकटली आणि इन्सुलिन गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, म्हणून मी रात्री दोनदा उठून हात घालून बघायचे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आंजर्ल्याकडच्या एक आजी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. "हीच गोळी दे गो बाय, लाल डबीतली नको." पाकिटावरचं अर्धं नाव फाटलेलं होतं. उरलेल्या अक्षरांवरून ती टेल्मिसार्टन ४० निघाली. "कधी संपली?" विचारलं तर म्हणाल्या, "वादळाच्या आधी." म्हणजे महिन्यापेक्षा जास्त दिवस बीपीची गोळी पोटात नव्हती. त्यांना तिथूनच आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बीपी किती निघालं ते मी इथे लिहीत नाही, पण त्या दिवशी दुकान बंद केल्यावर मी नवी वही उघडली.

वहीत पाच रकाने केले. माणूस आणि गाव, गोळीचं पाकिटावरचं नाव, आतलं औषध, रोज किती, आणि संपायची तारीख. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. माहिती मिळवायला गावोगावच्या आशाताईंना, म्हणजे आशा स्वयंसेविकांना गाठलं. त्या तशाही घरोघर फिरत होत्या. त्यांना म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या घरी गेलात की फक्त रिकाम्या पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून मला पाठवा. पहिल्या आठवड्यात शंभरावर फोटो आले. एकाच औषधाची सात-आठ नावं, कारण प्रत्येकाच्या मुलाचं मेडिकल वेगळं. काही पालिकेच्या दवाखान्यातल्या, त्यांच्यावर कंपनीचं नाव ओळखीचं नाही, फक्त औषधाचं. खरं तर त्या वाचायला सर्वांत सोप्या होत्या.

फोटोवरून गोळी ओळखता आली तरी ती तशीच देता येत नाही. ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारायला हवं आणि चिठ्ठी तर हवीच. चिठ्ठ्या होत्या दीड-दोन वर्षांपूर्वीच्या, घड्यांवर फाटलेल्या. केंद्राने २६ मार्चला घरपोच औषधांची परवानगी दिली होती, पण तिच्यात अटी होत्या. जुनाट आजाराची चिठ्ठी लिहिल्यापासून ३० दिवसांत आमच्याकडे यायला हवी, घर त्याच महसुली जिल्ह्यात हवं, आणि एच-वन यादीतली, म्हणजे कडक नोंदीची औषधं आणि झोपेच्या, नशा आणणाऱ्या गोळ्या घरपोच द्यायच्या नाहीत. त्याच सुमारास फोनवरून रुग्ण तपासण्याचे नियमही आले होते. आमच्या गावातल्या दोन डॉक्टरांनी दुपारी तीन ते चार हा वेळ यासाठी दिला. मी वहीतून नावं वाचायची, ते माणसाशी फोनवर बोलायचे आणि चिठ्ठी ईमेलने यायची. ज्यांचा आवाज ऐकून त्यांना शंका यायची त्यांना समोर बोलावलं जायचं. बागमांडल्याहून एकांचा फोन आला तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. बाणकोटच्या समोर, खाडीपलीकडे दिसतं ते गाव, पण जिल्हा रायगड. त्यांना श्रीवर्धनमधल्या एका मेडिकलचा नंबर दिला आणि संध्याकाळी फोन करून औषध पोचलं का विचारलं, तेव्हा बरं वाटलं.

एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती आजही कुठेही घडू शकते. एका काकूंची शुगर महिनाभर उतरतच नव्हती. इन्सुलिन रोज घेत होत्या, पथ्य पाळत होत्या, मात्रा २० युनिट. मी सुनेला म्हटलं, सुईसकट फोटो पाठव. फोटोत सिरिंजचं टोपण केशरी होतं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलीला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. मुलाने मुंबईहून कुरिअरने मिळतील त्या पाठवल्या होत्या. केशरी सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं की या बाटलीतलं इन्सुलिन अंगात जातं फक्त ८ युनिट. कारण सापडलं म्हणून लगेच लाल सिरिंज देऊन मोकळं होणंही धोक्याचं होतं. महिनाभर ८ वर असलेल्या शरीराला एकदम २० दिले तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. डॉक्टरांनी आधी शुगर तपासायला लावली, मात्रा कमी करून सुरुवात केली आणि चार-चार दिवसांनी वाढवली. त्या दिवसापासून इन्सुलिन देताना टोपणाचा रंग दाखवल्याशिवाय मी बाटली हातात ठेवत नाही.

ऑगस्ट उजाडला आणि सगळ्यांचं लक्ष चतुर्थीकडे लागलं. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. सरकारने सांगितलं की गावी येणाऱ्यांनी १२ तारखेपर्यंत यावं आणि दहा दिवस घरात वेगळं राहावं, त्यानंतर येणाऱ्याला चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागेल. बाराव्या तारखेपर्यंत कशेडीच्या नाक्यावर गाड्यांची रांग होती. पिशव्या आल्या, पण त्यांत औषधं कमी आणि व्हिटॅमिन सी, झिंक, वाफेचं यंत्र जास्त. आणि मुलगा घरात असूनही त्याला दहा दिवस दापोलीत येता येईना. आता घरी माणसं दुप्पट होती, पण औषध आणायला बाहेर पडू शकेल असं त्यांत कोणीच नव्हतं.

म्हणून ठरवलं की १९ ऑगस्टपर्यंत प्रत्येकाला तीस दिवसांचं पाकीट पोचवायचं. दूधगाडी केळशीच्या बाजूला, बेकरीचा टेम्पो बुरोंडी-दाभोळकडे, आणि उरलेल्या वाड्यांत माझा नवरा मोटारसायकलवर. वेशीवर ग्राम कृती दलाची, म्हणजे कोरोनासाठी गावाने नेमलेल्या गटाची मुलं पाकीट घ्यायची आणि घराच्या गडग्यावर ठेवून हाक मारायची. पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत लिहायचे. सकाळी, दुपारी, रात्री. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढले. ऐन पावसात टेम्पोतली तीन पाकिटं भिजली, ती परत भरली. प्लास्टिकची पिशवी आधीच घालायला हवी होती, ती चूक माझी. स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, शुगरचं मेटफॉर्मिन अर्धंच आलं तेव्हा सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवसांचं दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच फेरी.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला, एक दादा पॅरासिटामोल मागायला आले. तापाच्या गोळ्या नेणाऱ्यांची नावं आम्ही लिहून घेत होतो. वही पुढे केली तसे ते मागे सरले. घराला पट्टी लागली तर गणपती कोण बसवणार, हीच भीती. त्यांच्या घरात पाच पिढ्यांचा गणपती. मी गोळ्या दिल्या, ऑक्सिमीटर बोटाला लावला. ९१. ऑक्सिजन कमी होता. काउंटरच्या बाहेर आले आणि म्हटलं, "दादा, गणपती तुमचे शेजारी बसवतील. तुम्ही आत्ता सरकारी दवाखान्यात चला." ते उभेच राहिले. शेवटी मी त्यांच्यासमोर त्यांच्या चुलतभावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "मूर्ती मी आणतो, तू जा." तेव्हा ते हलले.

ते बारा दिवसांनी घरी आले. त्यांच्या गणपतीची आरती त्या वर्षी शेजारच्या पडवीतून झाली, एकमेकांपासून लांब उभं राहून.

गौरी-गणपतीचं विसर्जन २७ तारखेला झालं. दुसऱ्या दिवशी दूधगाडीवाल्याने रिकाम्या पिशव्या परत आणल्या. आंजर्ल्याच्या आजींच्या पिशवीत हळदीच्या पानातल्या चार पातोळ्या होत्या आणि खाली गोळ्यांचं पाकीट. नऊ गोळ्या संपलेल्या. उरलेल्या का परत पाठवल्या म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, "मोजून बघ, चुकली न्हाय एकबी. बघून परत धाड." मी मोजल्या, पाकीट पुन्हा पिशवीत घातलं आणि वहीत त्यांच्या ओळीपुढे पुढची तारीख लिहिली. १८ सप्टेंबर.